दप्तरदाराची निवड

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानदार नवी वही पाटावर ठेवतो, तिच्यावर कुंकवाने स्वस्तिक काढतो, अक्षता आणि झेंडूचे फूल वाहतो, आणि पाडव्याचा मुहूर्त धरून तिच्यात पहिली ओळ लिहितो. गंमत अशी की, ही पहिली ओळ नवी नसतेच. जुन्या वहीतील शिल्लक आणि लोकांकडचे येणे-देणे 'मागील बाकी' म्हणून तेथे ओढून आणावे लागते. वही नवी, व्यवहार जुना. कोऱ्या कागदाच्या मोहात ज्याने ही बाकी ओढली नाही त्याची वही करकरीत दिसेल खरी, पण त्याचे येणेही तितकेच कोरे होईल. वहीपूजनाचे सारे मर्म या एका ओळीत आहे. मध्यंतरी आमच्या घरात संगणकाची वही बदलण्याचा प्रसंग आला, तेव्हा ते मला नव्याने उमगले.

आमचे चितेगाव पैठणच्या रस्त्यावर आहे. एका अंगाला कारखान्यांच्या भिंती आणि दुसऱ्या अंगाला कपाशीची शेते, असे त्याचे आजचे रूप. घरात जुना संगणक आहे. त्याच्यावर विंडोज टेन ही प्रणाली होती आणि तिला निर्मात्यांकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. यंत्र धडधाकट होते, पण नव्या विंडोजच्या अटींत ते बसेना. तेव्हा वाळूजच्या एका कारखान्यात नोकरीला असलेल्या माझ्या पुतण्याने त्याच्यावर लिनक्स बसवावयाचे ठरवले. लिनस टोर्व्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली ज्याचा गाभा लिहिला आणि पुढे जगभरच्या हजारो हातांनी जे वाढवले, ते हे लिनक्स. ते विनामूल्य मिळते, आणि कोणीही ते उघडून पाहू शकतो, बदलू शकतो. एवढे ठीक होते. पण काम अर्ध्यावर आले असता पुतण्याने मान वर करून विचारले, "काका, फाइल मॅनेजर कोणता ठेवू?"

मी बुचकळ्यात पडलो. संगणकात फाइली असतात आणि त्या पिवळ्या फोल्डरांत दिसतात, एवढेच मला ठाऊक. त्या दाखवणारा कोणी वेगळा असतो आणि तो निवडायचा असतो, हे माझ्या गावीही नव्हते. पुतण्याने समजावले ते असे. कागद असतात कपाटात, म्हणजे संगणकाच्या चकतीवर. तुम्ही मागाल तो कागद काढून देणारा, नवा आला तर खणात लावणारा, नको तो केराच्या टोपलीत टाकणारा जो कारकून, तो फाइल मॅनेजर. कारकून बदलला म्हणून कपाटातले कागद हलत नाहीत. पण कारकून कसा आहे, यावर कागद तुम्हाला सापडतो की नाही हे ठरते.

हे ऐकल्यावर माझ्या मनात संगणक राहिला बाजूला आणि वडिलांचे लाल कापडाचे गाठोडे उभे राहिले.

आमच्या वडिलांनी घरचे सगळे कागद त्या गाठोड्यात बांधलेले होते. शेतसाऱ्याच्या पावत्या, मोडीत लिहिलेले एक जुने खरेदीखत, उर्दू शिक्क्याचे कागद, सातबाराचे उतारे. कोणता कागद मागा, ते डोळे मिटून हात घालीत आणि नेमका तोच काढीत. २००८ साली ते गेले, आणि विहिरीकडच्या पट्टीचा प्रश्न निघाला. आत्याचे म्हणणे असे की, ती पट्टी वडिलांनी तिला दिली होती आणि तसे लिहूनही ठेवले होते. आम्ही भावांनी गाठोडे सोडले, दोनदा चाळले, कागद मिळाला नाही. आत्या भांडली नाही. "माझ्या दादानं लिहून ठेवलंय. तुम्ही नीट बघा," एवढेच ती दर खेपेस म्हणे. २०१२ साली ती गेली. दोन वर्षांनी दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरच्या जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात तो कागद निघाला. ज्या वर्षी लिहिला त्या वर्षीच्या पंचांगात वडिलांनी तो घालून ठेवला होता. त्यांच्या दृष्टीने ती जागा अगदी बरोबर होती. कायद्याच्या तराजूत त्या कागदाचे वजन किती, ते वकील जाणोत. आम्ही ती पट्टी आत्याच्या मुलाच्या नावे केली. पण आत्याला आम्ही खोटी ठरवली होती, ते काही पुसता आले नाही.

त्या दिवसापासून मला कळले की, कागद जपणे वेगळे आणि कागद सापडणे वेगळे. वडिलांनी पहिले काम चोख केले होते. दुसरे त्यांच्या डोक्यात होते, आणि ते त्यांच्याबरोबर गेले.

हा प्रश्न एका घराचा नाही. आमच्या या मुलखाने जितक्या वेळा राज्यव्यवस्था बदललेली पाहिली तितकी क्वचितच कोणी पाहिली असेल, आणि प्रत्येक बदलात हाच पेच उभा राहिला. चितेगावापासून देवगिरीचा किल्ला काही फार दूर नाही. तेराव्या शतकात तेथे यादव राजे महादेव आणि रामदेवराव यांच्या पदरी हेमाद्री नावाचा मंत्री होता. आपण त्याला हेमाडपंत म्हणून, दगडावर दगड बसवलेल्या देवळांमुळे ओळखतो. पण त्याच्या पदवीकडे आपले लक्ष जात नाही. तो 'श्रीकरणाधिप' होता. श्रीकरण म्हणजे राज्याचे लेखन-कार्यालय. त्याचा हा मुख्य. आजच्या भाषेत सांगावयाचे तर देवगिरीच्या राज्याचा दप्तरदार. मोडी लिपी त्याने चालू केली असे परंपरा सांगते. संशोधकांचे त्यावर एकमत नाही. तरी परंपरेने हे श्रेय इमारतवाल्याला दिले ते त्याच्या हाती दप्तर होते म्हणूनच, हे उघड आहे. लेखणी न उचलता झरझर लिहिता यावे ही गरज कवीची नव्हे, कारकुनाची आहे.

यादवांचे राज्य गेले. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानीच उचलून दौलताबादेस आणली. पुढे बहामनी आली, निजामशाही आली. १६१० साली मलिक अंबराने खडकी वसवली आणि गावोगावच्या जमिनीची पाहणी करून साऱ्याची नवी घडी बसवली. निजामशाही बुडाली, मोगल आले. औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार असताना, १६५२ नंतरच्या काळात, त्याचा दिवाण मुर्शिद कुलीखान याने तोडरमलाची मोजणीची पद्धत या भागात आणली. जमीन तीच होती, नांगर तोच होता, पाऊसही तसाच लहरी होता. बदलत होते ते कागद.

मग इतक्या उलथापालथीत शेतकऱ्याचा बांध टिकला कसा? त्याचे उत्तर गावात होते. राजा बदले, पण गावचा कुलकर्णी आणि परगण्याचा देशपांडे बदलत नसे. दप्तर त्यांच्या घरात, माळ्यावर, कापडात बांधलेले असे. नवा अंमलदार आला की, तो आधी यांनाच बोलावी. व्यवस्था वरून बदलली तरी खाली कागद काढून देणारा माणूस तोच राहिला, म्हणून सारे निभावले. अर्थात या सोयीची दुसरी बाजूही होती. कागद कोठे आहे हे एकाच घराला ठाऊक असले की, कागद न सापडणेही त्याच घराच्या हाती राहते. गावोगावच्या जुन्या तंट्यांत याचे दाखले भरपूर मिळतील.

येथे शब्दांचीही थोडी मौज पाहण्यासारखी आहे. 'दफ्तर' हा शब्द आपण फारसीतून घेतला, आणि फारसीने तो कातडे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतला, कारण जुने लेख कातड्यावर लिहीत. 'रुमाल' म्हणजे मुळात तोंड पुसावयाचे फडके. पेशव्यांच्या कारकुनांनी त्यात कागद बांधले आणि कागदांच्या गठ्ठ्यालाच रुमाल म्हणू लागले. आणि 'फाइल'? तिचे मूळ लॅटिन भाषेत सूत किंवा दोरा या अर्थाच्या शब्दात आहे. साहेबाच्या देशात कागद दोऱ्यात ओवून ठेवीत. आपल्या किराणा दुकानात तारेला टोचलेल्या चिठ्ठ्या लोंबताना ज्याने पाहिल्या आहेत त्याला हे वेगळे सांगावयास नको. कातडे, फडके, दोरा, तार. साधने बदलली, हेतू एकच की, मागाहून काढता यावे.

पेशव्यांच्या कारभारात हा हेतू फार नीट ओळखलेला होता. त्यांच्या फडात रोजकीर्द असे आणि खतावणीही असे. रोजकीर्दीत आज काय आले, काय गेले ते तारखेप्रमाणे लिहावयाचे. खतावणीत तीच रक्कम माणसाच्या, गावाच्या, पथकाच्या नावे टाकावयाची. एकच गोष्ट दोन वाटांनी सापडते. तारीख आठवत असेल तर रोजकीर्द उघडा, नाव आठवत असेल तर खतावणी. आपल्या बाजारातले मुनीम दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघड्या ठेवून डावीकडचे उजवीकडे टाकीत, ते याच परंपरेने. वाचकांनी हे दोन वह्यांचे चित्र ध्यानात ठेवावे; पुढे त्याचे काम आहे.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि ते सारे दप्तर इंग्रजांच्या हाती पडले. इनामांच्या सनदा खऱ्या की खोट्या हे तपासण्यासाठी पुढे इनाम कमिशन बसले, तेव्हा या कागदांना सरकारच्या दृष्टीने मोठे मोल आले. पुण्यात तीस हजारांहून अधिक रुमाल साठले. जपणूक उत्तम झाली. पण संशोधकाला तेथे सहज प्रवेश नव्हता, आणि आत काय आहे याची चांगली यादी नव्हती. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यांवरची दप्तरे धुंडाळीत राहिले आणि पुण्यातले सर्वांत मोठे दप्तर मात्र पुष्कळसे बंदच राहिले. अखेर बडोद्याची नोकरी संपवून आलेल्या रियासतकार गोविंद सखाराम सरदेसायांकडे ते काम आले, आणि १९३० च्या आगेमागे निवडक कागदांचे ४५ खंड छापून निघू लागले. कागद शंभर वर्षे तेथेच होते. सरदेसायांनी ते निर्माण केले नाहीत. ते सापडतील असे केले. दप्तरदाराचे काम याहून वेगळे नाही.

इकडे मराठवाड्यात निजामाचा अंमल होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती. सालही निराळे, फसली. त्यात ५९० मिळवावे तेव्हा सुमारे इसवी सन मिळावे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद मुक्त झाले. १९५४-५५ च्या सुमारास गावोगाव खासरा पाहणी झाली आणि शेताशेताची नोंद झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने साऱ्या राज्याला एक चौकट दिली. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून आपला सुपरिचित सातबारा. मध्ये जमिनींचे एकत्रीकरण झाले आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. म्हणजे एकाच शेताचा कागद एका पिढीत उर्दूत, फसली सालात, सर्व्हे नंबराखाली. आणि पुढच्या पिढीत मराठीत, इसवी सनात, गट नंबराखाली. आजोबाचा कागद नातवाला सापडावा कसा? १ मे २०१८ पासून सातबाऱ्यावर संगणकाची सही आली आणि उतारा घरबसल्या मिळू लागला, ही फार मोठी सोय झाली. पण २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा पुन्हा तेच दृश्य दिसले. जुनी दप्तरे उघडली, आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. कागद होते. वाट बुजली होती.

आता संगणकाकडे वळू. त्याचा इतिहास छोटा आहे, पण त्याच वळणाने गेलेला आहे. आरंभी संगणकाला फाइल मागावयाची म्हणजे तिचे नाव अक्षरश: टंकून आज्ञा द्यावी लागे. खण दिसत नसे, कागद दिसत नसे. आंधळ्या कोठडीत हात घालण्याचाच प्रकार. १९८१ साली झेरॉक्स कंपनीने 'स्टार' नावाचे यंत्र बाजारात आणले. त्याच्या पडद्यावर कचेरीतले टेबल, फोल्डर, कागद यांची चित्रेच होती. यंत्र महाग, खपले थोडे. पण कल्पना राहिली. १९८४ साली ॲपलचा मॅकिंटॉश आला, त्यातील 'फाइंडर' हा असाच चित्रमय कारकून. त्याचे नावच 'शोधणारा'!

१९८६ साली 'नॉर्टन कमांडर' आला. त्याने पडद्याचे उभे दोन भाग केले. डावीकडे एक फोल्डर, उजवीकडे दुसरे. डावीकडचे उचला, उजवीकडे टाका. जॉन सोचा या अमेरिकन गृहस्थाने तो लिहिला. आपल्या मुनिमाच्या दोन वह्या त्याने पाहिलेल्या नसणार, पण गरज एकच असली की, सोय एकच सुचते. ती लोकांना इतकी मानवली की, १९९४ मध्ये मिगेल दे इकाझा या मेक्सिकोच्या विद्यार्थ्याने लिनक्ससाठी त्याच धर्तीवर 'मिडनाइट कमांडर' रचला, आणि तो आजही वापरात आहे. विंडोजमध्ये १९९० साली 'फाइल मॅनेजर' याच नावाचा कारकून आला, आणि १९९५ साली त्याच्या जागी 'एक्सप्लोरर' बसला. आपल्यापैकी बहुतेकांची ओळख याच्याशीच. तो एकटाच असल्यामुळे तो कोणी कारकून आहे हेदेखील कुणाच्या ध्यानी आले नाही.

लिनक्समध्ये मात्र अनेक आहेत, आणि त्यांच्यावरून झालेली भांडणे एखाद्या वाड्यातल्या वाटणीसारखी रंजक आहेत. 'नॉटिलस' हा २००१ सालचा. २००४ मध्ये त्याच्या कर्त्यांनी ठरवले की, प्रत्येक फोल्डर आपापल्या स्वतंत्र खिडकीत उघडावे. विचार तात्त्विक दृष्ट्या सुंदर होता, पण पाच खणांच्या आत असलेला कागद काढावयाचा तर पडद्यावर पाच खिडक्यांचा पसारा! लोक कुरकुरले आणि काही वर्षांनी तो बेत मागे घ्यावा लागला. 'कॉन्करर' नावाचा कारकून फाइलीही दाखवी आणि इंटरनेटही. २००८ साली फाइलींसाठी म्हणून 'डॉल्फिन' हा सुटसुटीत गडी त्याच्या जागी आला. 'थुनार' हा 'एक्सएफसीई'चा, थोडक्या स्मरणशक्तीच्या जुन्या यंत्रावरही हलका चालणारा. आणि २०१२ मध्ये पुन्हा ठिणगी पडली. नॉटिलसच्या नव्या आवृत्तीत सोपेपणाच्या नावाखाली दोन भागांचा पडदा काढून टाकला गेला. लिनक्स मिंटच्या मंडळींना हे रुचले नाही. लिनक्सची विद्या सर्वांना खुली असल्यामुळे त्यांनी जुना नॉटिलस घेतला, त्याला आपले वळण दिले आणि 'नेमो' असे नाव ठेवले. ज्यूल्स व्हर्नच्या कादंबरीत नॉटिलस ही पाणबुडी आणि नेमो तिचा कप्तान, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. जहाज तुमचे, पण कप्तान आमचा, असा त्यातला विनोद.

हा इतिहास पुतण्याने मला थोडा सांगितला, थोडा मी मागाहून वाचला. त्यानंतर आम्ही निवडीस बसलो. प्रणाली बदलताना प्रथम गोंधळ उडाला तो खणांच्या नावांचा. विंडोजमध्ये 'सी' आणि 'डी' अशी कपाटे असत. 'ए' आणि 'बी' का नसत? कारण ती अक्षरे फ्लॉपी चकत्यांना दिलेली होती. चकत्या गेल्या, तरी त्यांची खुर्ची रिकामी ठेवून 'सी' आपल्या जागी बसून राहिला. लिनक्समध्ये अशी वेगळी कपाटे नाहीत. एकच दिंडी दरवाजा असलेला वाडा, आणि सारे खण त्याच्या आत. बाहेरून जोडलेली चकतीही त्या वाड्यातलीच एक खोली होते. आणखी एक फरक असा की, इंग्रजी नावातले मोठे अक्षर आणि लहान अक्षर लिनक्सला निराळे वाटते. एकाच नावाच्या दोन फाइली एवढ्याच फरकाने शेजारी नांदू शकतात. देवनागरीत हा प्रश्नच नाही, म्हणून मी नावे मराठीतच द्यावयाचे ठरवले.

मराठीवरून आठवले. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी टंकलेल्या काही फाइली नव्या प्रणालीत उघडल्या, तर अक्षरांऐवजी चिन्हांची रांगोळी दिसली. त्या काळी प्रत्येक मराठी टंकाची आपली वेगळी खूणभाषा असे. तो टंक यंत्रावर नसला की मजकूर मुका. पुढे युनिकोडने जगातल्या लिप्यांना सामाईक क्रमांक दिले आणि हा त्रास गेला. २०१४ साली त्यात मोडीलाही जागा मिळाली. पण त्या आधीच्या फाइली म्हणजे आपल्याच पिढीची मोडी. त्या पुतण्याने जुना टंक मिळवून बदलून घेतल्या. फाइल शाबूत आहे एवढ्यावर समाधान मानले असते, तर ती पुन्हा पंचांगाच्या गठ्ठ्यातच गेली असती.

आम्ही चार कारकून उमेदवार म्हणून उभे केले आणि प्रत्येकाला तीन प्रश्न घातले. पहिला, मोबाइलने काढलेल्या दीड-दोन हजार चित्रांतून खासरा पाहणीचा कागद काढून दाखव. दुसरा, मोबाइलमधली चित्रे घरच्या दप्तरात लाव, आणि लावताना दोन्ही बाजू माझ्या डोळ्यांसमोर ठेव. तिसरा, मी नसताना माझ्या सुनेने मागितला तर कागद दे.

दुसऱ्या प्रश्नात नेमो मला भावला. एक कळ दाबली की, पडद्याचे दोन भाग होतात. डावीकडे मोबाइलचे ताजे कागद तारखेच्या क्रमाने, उजवीकडे घरचे खण नावाच्या क्रमाने. डावीकडे रोजकीर्द, उजवीकडे खतावणी! तेवढ्यावरच मी त्याला नेमले. डॉल्फिनलाही हे साधते, आणि ज्याचे यंत्र फारच थकलेले आहे त्याने थुनार ठेवावा. ज्याला जी वही हातात बसते ती त्याने घ्यावी. भांडण्यासारखे त्यात काही नाही.

पण पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला चौघेही सारखेच नापास झाले. मोबाइलने चित्रांना दिलेली नावे म्हणजे नुसती आकड्यांची माळ. त्या माळेतून खासरा कोणता आणि नातीच्या बारशाचे चित्र कोणते, हे बिचाऱ्या कारकुनाला कळावे कसे? कारकून कितीही हुशार असो, कागदावर पाठीमागे विषय लिहिलेला नसेल तर तो काय करील? हेमाद्रीला जमले नसते, नेमोला कोठून जमणार? तेव्हा ध्यानात आले की, दप्तरदाराची निवड हे काम निम्मेच आहे. उरलेले निम्मे मालकाने स्वत: करावयाचे असते.

मग आम्ही एक आठवडा रोज संध्याकाळी बसलो. प्रत्येक कागदाला नाव दिले. आधी इसवी सन, म्हणजे कारकून आपोआप कालक्रम लावतो. मग कागदाचा प्रकार. मग शेताचे घरात चालणारे नाव, आणि जुना सर्व्हे नंबर व नवा गट नंबर असे दोन्ही. उर्दू आणि मोडी कागदांचा मराठी सारांश वाचकाकडून करवून शेजारीच ठेवला. सर्व दप्तराची एक नक्कल वेगळ्या चकतीवर काढून ती पुतण्याच्या घरी ठेवली. आणि कोणत्या खणात काय आहे याची एक पानी यादी छापून देवघराच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवली. संगणक बंद पडला तरी ती वाचता येते.

सर्वांत शेवटी विहिरीकडच्या पट्टीचा कागद राहिला. तो कोणत्या खणात घालावा यावर मी थोडा थांबलो. जमिनीच्या खणात तो जाईलच, पण आत्याच्या नावाचाही एक खण करावा असे मनात आले. पुतण्या म्हणाला, "काका, एकच कागद दोन ठिकाणी दिसेल अशी सोय आहे. मूळ एका जागी, आणि दुसऱ्या जागी नुसती वाट." तसे केले. मग सुनेला बोलावले, खुर्चीवर बसवले आणि काही न सांगता म्हटले, "आत्याच्या पट्टीचा कागद काढ पाहू." तिने आधी आत्याचा खण उघडला. कागद पडद्यावर आला. वडिलांचे वळणदार अक्षर, खाली सही.

नव्या वहीत मागील बाकी ओढली गेली होती. दोन वर्षांनी उशीर झालेली ती बाकी फेडता येणार नाही, पण यापुढे आमच्या घरात कुणाला "नीट बघा" असे म्हणावे लागू नये, एवढी व्यवस्था झाली. यंदा पाडव्याला आपण नव्या वहीची, आणि असेल तर नव्या संगणकाचीही पूजा कराल, तेव्हा घरच्या लहानांपैकी एकाला जवळ बसवून कोणता कागद कोठे आहे ते दाखवून ठेवा. फूल वाहण्याइतकाच त्याला वेळ लागतो.